काठावर सुटलेली गाठ

एका नदीच्या वळणावर, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात हरबा नावाचा एक गाठकरी राहत होता. गाठकरी म्हणजे गाठी मारून पोट भरणारा माणूस. तुम्ही म्हणाल, गाठ मारायला वेगळा माणूस कशाला हवा? पोत्याचं तोंड तर कुणीही बांधतं. खरं आहे. पण त्या गावची गोष्टच निराळी होती.

तिथली नदी इतकी खळाळती आणि इतकी धोंड्यांनी भरलेली, की टाकलेलं जाळं फाटूनच वर यायचं. म्हणून लोक जाळं टाकतच नसत. लांब, लवचीक बांबूच्या टोकाला तांत बांधत, आणि तांतीच्या शेवटी रंगीत पिसांची एक खोटी माशी. माशीच्या पोटात गळ. ती माशी पाण्यावर इतकी अलगद टाकायची की खालच्या माशाला वाटावं, आली न्याहारी चालून.

आता यात एक अडचण असते. तांत जाड असली तर माशाला दिसते, आणि बारीक असली तर ती लांब फेकली जात नाही. म्हणून मागे पिळाची जाड तांत आणि पुढे बारीक तांत अशी जोड द्यावी लागते. दोघींच्या टोकांना एकेक फासा बांधायचा आणि एका फाशात दुसरा अडकवायचा. बारीक तांत झिजली की तेवढीच काढून नवी लावायची. सगळी मदार त्या फाशांवर. फासा टिकला तर मासा घरी, आणि फासा सुटला तर मासा, माशी आणि अख्खी सकाळ, तिन्ही पाण्यात.

असा फासा मारण्याची त्या गावात एक ठरलेली रीत होती. तांत दुमडून घ्यायची, तिचं वेटोळं करायचं, दुमडलेलं टोक त्या वेटोळ्यातून दोनदा काढायचं, आणि मग गाठ आवळायच्या आधी ती तोंडात धरायची. तांत म्हणजे जनावराच्या आतड्याची. कोरडी असताना ती ताठ असते, गाठीत नीट बसत नाही, जोर दिला की चिरते नाहीतर घसरते. लाळेने ओली झाली की लोण्यासारखी मऊ होते आणि मग सावकाश ओढली की जागच्या जागी बसते. म्हणून पोरांना पहिला धडा हाच असायचा, की आधी तोंडात धर, मग हाताने ओढ.

दुसरा धडा त्याहून जुना होता. ज्याने गाठ मारली त्याने ती ओढून बघायची नाही. आपली गाठ आपला हात जपूनच ओढणार, हे त्या गावाला केव्हाच कळलं होतं. म्हणून गाठ ओढायची ती दुसऱ्याने. याला ते लोक 'ओढ घेणं' म्हणत, आणि ओढ घेण्याचा मान होता बयाआजीचा. ही आजी तरुणपणी होडी चालवायची. आता घाटावर उंबराखाली बसून असायची. कुणी नवी गाठ आणली की ती तांत दोन्ही पंजांना गुंडाळायची, टाच वाळूत रोवायची आणि सगळं अंग मागे टाकायची. गाठ टिकली तर मान हलवायची. सुटली तर सगळे हसत, गाठ मारणाराही हसे, आणि जमलेली माणसं एका सुरात म्हणत, "बरं झालं, काठावर सुटली." मग तो पुन्हा बसून नवी गाठ मारी. यात कुणाला कधी कमीपणा वाटला नव्हता.

हरबाच्या गाठी मात्र सुटतच नसत. वर्षानुवर्षं आजीने त्या ओढल्या आणि वर्षानुवर्षं मान हलवली. पंचक्रोशीत त्याचं नाव झालं. लोक त्याच्या ओट्यावर गाठी न्यायला येत, तसे गाठी बघायलाही येऊ लागले. आणि माणसं बघायला आली की हात काम करतात आणि तोंडाला गप्प बसवत नाही. हरबा गाठ मारता मारता गोष्टी सांगू लागला. अमक्या डोहातला मासा कसा फसला, तमक्याने माशीऐवजी स्वतःचं मुंडासंच कसं पाण्यात फेकलं. लोक पोट धरून हसत.

गोष्ट रंगात आली की गाठ तोंडात कशी धरणार? तोंडात गाठ असली की बोलणं थांबतं. म्हणून हरबा ती कोरडीच आवळू लागला. पुढे पुढे दोनदाऐवजी एकदाच टोक काढू लागला, कारण तेवढ्यात हशा पिकून जायचा. दिसायला गाठ तशीच दिसायची, उलट जास्तच नाजूक.

त्याची बायको कासाबाई एकदा म्हणालीही, "अवं, पूर्वी तुम्ही गाठ मारताना घरात मांजरसुद्धा पाय वाजवत नव्हतं."

"पूर्वी शिकत होतो," हरबा म्हणाला.

मग एक दिवस घाटावर, भर गर्दीत, त्याने नवा फासा बांधून एका गिऱ्हाइकाच्या हातात दिला. बयाआजीने नेहमीसारखा हात पुढे केला. "आण इकडं, ओढ घेते."

हरबाला काय वाटलं कोण जाणे. कदाचित भोवती माणसं फार होती. तो हसून म्हणाला, "राहू दे आजी. माझी गाठ ओढून तुझेच हात दुखायचे."

सगळे हसले. आजीने पुढे केलेला हात मागे घेतला. "बरं बाबा," ती म्हणाली, "हात माझा हाय, गाठ तुझी हाय." त्या दिवसापासून हरबाच्या गाठींची ओढ कुणी घेईना. हरबाची गाठ ओढायची म्हणजे त्याचा अपमान, असं लोकच म्हणू लागले.

त्या वर्षी नदीतले मासे एकाएकी फार मोठे झाले. म्हणजे, लोकांचं म्हणणं तसं होतं. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी रिकाम्या हाताने परत यायचा आणि सांगायचा, "काय मासा होता! हरबाची गाठ तोडून गेला." हरबाला ते ऐकून बरंच वाटायचं. आपली गाठ तोडायची तर मासा तेवढाच तालेवार हवा.

पण एकदा असाच एक जण तुटलेली तांत त्याच्या ओट्यावर ठेवून गेला. हरबाने ती उचलून टोक पाहिलं. तांत तुटली तर टोक सरळ असतं, आणि गाठ घसरून सुटली तर टोक वळलेलं राहतं, बकरीच्या शेपटासारखं. हे टोक वळलेलं होतं. हरबाने इकडेतिकडे पाहिलं आणि ते चुलीत टाकलं. नंतर आणखी एक आलं, तेही त्याने चुलीतच टाकलं. त्या दोन्ही रात्री त्याला धड झोप लागली नाही, पण सकाळी ओट्यावर माणसं जमली की त्याला बरं वाटायचं.

असा आश्विन आला. हरबाची एकुलती एक लेक सगुणा पलीकडच्या गावात दिली होती. दिवाळीला ती माहेरी यायला निघाली. वाटेत नदी, पण त्या दिवसांत तिथे घोट्यापर्यंतच पाणी, आणि मधून मधून पाय ठेवायला धोंडे. निम्म्यावर एक मोठा काळा खडक होता. त्याला लोक हत्तीधोंडा म्हणत, कारण त्याला पाठ होती, मान होती आणि एका बाजूला सोंडेसारखा सुळकाही होता.

गावावर लख्ख ऊन होतं. पण वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला असणार. सगुणा निम्म्यावर आली आणि नदीचा रंग बदलला. पाणी गढूळ झालं, मग बघता बघता मागचे पुढचे धोंडे दिसेनासे झाले. सगुणा हुशार पोर. डोक्यावरचं गाठोडं तिने सोडून दिलं आणि हत्तीधोंड्यावर चढली.

घाटावर सगळं गाव धावलं. कासाबाई पाण्यातच शिरायला निघाली, तिला दोघींनी धरलं. होडी होती, पण अशा पाण्यात नुसती होडी घातली तर ती पालापाचोळ्यासारखी वाहून गेली असती. इथल्या उंबरापासून तिथल्या हत्तीधोंड्यापर्यंत दोर ताणला, तर त्या दोराला धरून होडी जाऊ शकली असती. पण तो जाड दोर तिथवर फेकणार कोण?

"दोर नाही फेकता येणार," हरबा म्हणाला. "तांत फेकता येईल."

सगळ्यांना लगेच समजलं. बांबूने माशी फेकायची. माशी सगुणाने धरायची आणि तांत ओढायची. तांतीमागे सुतळी अडकवायची, सुतळीमागे दोर. फाशात फासा. फक्त एक तांत तिथवर पुरणार नव्हती. दोन जोडायच्या, आणि त्यासाठी नवे फासे मारायचे.

हरबा खाली बसला. त्याचे हात पूर्वीसारखेच झरझर चालू लागले आणि हातांबरोबर तोंडही. "घाबरू नका, आत्ता टाकतो बघा, पोरीच्या खांद्यावरच टाकतो, हे एक वेटोळं, हे झालं." डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच फासे तयार झाले, आणि तांत तांतीला जोडली गेली. त्याने बांबू उचलला.

"टाक, हरबा, टाक," लोक म्हणाले.

पाणी हत्तीच्या पाठीला लागलं होतं. त्याने लेकीकडे पाहिलं. सगुणाला सांगावं लागलं नव्हतं. बांबू दिसताच तिने पदर कमरेला खोचला, दोन्ही हात पुढे केले आणि टाच खडकाच्या खाचेत रोवली. माशी हातात आली की ती सगळं अंग मागे टाकून ओढणार होती, कारण त्या गावात पोरीबाळींनाही तसंच ओढायला शिकवत. ती बयाआजीसारखी उभी होती. फक्त तिच्या पाठीमागे वाळू नव्हती.

हरबाचा हात वरच्या वर थांबला. चुलीत टाकलेली ती वळलेली टोकं त्याला आठवली.

त्याने बांबू खाली घेतला. "बयाआजी कुठाय?"

"अरे, आता आजी कशाला?" गावचा पाटील ओरडला. "वेळ कुठाय? आणि तुझी गाठ कधी सुटलीय का?"

इथे 'नाही' म्हणणं फार सोपं होतं. सगळं गाव तेच ऐकायला उभं होतं, आणि वर्षभर हरबाने तेच ऐकवलं होतं.

"सुटलीय," हरबा म्हणाला. "लई वेळा सुटलीय. मासे मोठे नव्हते, पाटील. आजी, ओढ घे."

बयाआजी मागेच उभी होती. ती पुढे आली, जोडलेली तांत दोन्ही पंजांना गुंडाळली, टाच वाळूत रोवली आणि अंग मागे टाकलं.

फट् असा आवाज झाला. फासा घसरला, तांत दोन्हीकडे उडाली आणि आजी धप्पकन वाळूत उताणी पडली.

एरवी अख्खा घाट हसला असता. आता कुणी हसलं नाही. हरबा त्या पडलेल्या म्हातारीकडे बघत राहिला. आजीच्या जागी त्याला दुसरंच कुणी दिसत होतं, आणि वाळूच्या जागी गढूळ पाणी.

आजी वाळूतूनच म्हणाली, "बरं झालं, काठावर सुटली. मला उठवत बसू नको आता. गाठ मार."

हरबा बसला. त्याने तांत दुमडली, वेटोळं केलं, टोक एकदा काढलं आणि दुसऱ्यांदा काढलं. मग गाठ तोंडात धरली. लोक अस्वस्थ झाले. कुणी म्हणालं, पाणी चढतंय. कुणी म्हणालं, अरे आवळ की लवकर. हरबाने उत्तर दिलं नाही, देताही आलं नसतं. तांत जिभेवर मऊ होईपर्यंत तो तसाच बसून राहिला, डोळे लेकीवर लावून. एवढा वेळ गप्प बसलेला हरबा गावाने त्या वर्षात पाहिला नव्हता. मग त्याने गाठ बाहेर काढली आणि सावकाश, जरासुद्धा हिसका न देता, ओढत आणली. ती बसली. तसाच दुसरा फासा मारला, आणि सुतळीचाही.

आजीने एकेक गाठ ओढली. एकदा ओढली, पुन्हा जोर लावून ओढली. मग मान हलवली.

पहिल्या फेकीला वाऱ्याने माशी पाण्यात नेली. दुसऱ्या फेकीला तांबड्या पिसांची ती माशी भिरभिरत गेली आणि सगुणाच्या दंडाला चिकटली. गळ टोचला असणार, पण सगुणाने माशी मुठीत धरली आणि अंग मागे टाकलं. तांत ताणली गेली. नदी तांतीला बाजूला ओढत होती, सगुणा आपल्याकडे ओढत होती.

गाठ टिकली. पहिली तांत सरकत गेली, मग दुसरी, मग तिच्यामागे सुतळी, मग हळूहळू तो जाड दोर पाण्यातून अजगरासारखा निघाला. सगुणाने दोराचं टोक हत्तीच्या मानेभोवती दोनदा फिरवलं आणि गाठ मारली. इकडे लोकांनी दुसरं टोक उंबराला बांधलं. दोघे नावाडी होडीत पाय टाकणार, एवढ्यात सगुणाने दोन्ही हात वर करून त्यांना थांबवलं. पाण्याच्या आवाजात तिचे शब्द ऐकू येत नव्हते. तिने दोन्ही मुठी छातीशी आणल्या आणि अंग मागे टाकून दाखवलं.

"काय म्हणतीय ती?" पाटलाने विचारलं.

"ओढ घ्या म्हणतीय," आजी म्हणाली. "तिची गाठ हाय ना."

मग सगळ्या गावाने दोर धरला आणि ओढ घेतली. दोर हलला नाही. तेव्हा कुठे होडी पाण्यात गेली, दोराला धरून हत्तीधोंड्याशी पोचली, आणि सगुणाला घेऊन परत आली. ती काठाला लागली तेव्हा हत्तीची पाठ पाण्याखाली गेली होती, नुसती सोंड वर दिसत होती.

कासाबाईने लेकीला पोटाशी धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा पोटाशी धरलं. लोक एकाच वेळी हसत होते आणि डोळे पुसत होते. जो तो दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारत होता. कुणीतरी गूळ आणला. बयाआजी कमर चोळत उंबराखाली जाऊन बसली. हरबा मात्र वाळूत बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि इतका हलका झाला होता की त्याला एक शब्द सुचेना.

"आता बोल की," आजी म्हणाली. "आता कुणी अडवलंय?"

सगुणा येऊन बापाशेजारी बसली. तिच्या दंडातून थोडं रक्त येत होतं, ते तिने पदराने दाबून धरलं होतं.

"भ्यालीस का गं?" हरबाने विचारलं.

"पहिल्यांदा भ्याले," सगुणा म्हणाली. "तुम्ही गाठ मारत होता आणि तोंड चालू होतं. ते मला तिकडून दिसत होतं. ऐकू काही येत नव्हतं, पण तोंड हलताना दिसत होतं. मनात म्हटलं, या गाठीचं काही खरं नाही. मग आजी पडली. मग तुम्ही पुन्हा बसलात, आणि तुमचं तोंड बंद होतं. तेव्हाच मला कळलं, आपण घरी जाणार."

हरबाने तिचा हात हातात घेतला आणि लहान मुलासारखा रडला. कुणी त्याला थांबवलं नाही, कारण ते रडणं सुटकेचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून हरबाच्या ओट्यावर गोष्टी बंद झाल्या असं नाही. तो सांगायचा, पण गाठ मारून झाल्यावर. आणि रोज सकाळी घाटावर पहिली ओढ त्याच्या गाठीची व्हायची, तोच स्वतः आजीच्या हातात तांत द्यायचा. कधी कधी गाठ सुटायचीही. तेव्हा सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने तोच म्हणायचा, "बरं झालं, काठावर सुटली." आणि नदीतले मासेही हळूहळू पूर्वीच्याच मापाचे झाले.

तात्पर्य: आपली गाठ आपल्या हाताला पक्कीच वाटते, तिची ओढ दुसऱ्याला घेऊ द्यावी, आणि तीही पाय काठावर असतानाच.